आमेन येईपर्यंत

सुहासला सोडायला मी विमानतळापर्यंत गेले नाही. त्याची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत फाटकात उभी राहिले. मग वर आले, भात गरम केला, ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसले. बसले ती बसलेच. आमटी निवून गेली तरी माझा हात ताटाकडे जाईना. कशासाठी थांबले आहे, हे माझं मलाच उमगत नव्हतं. मग लक्षात आलं. तुमचं आमेन यायचं होतं.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत सुहासची मुलं. योएलला मी शिकवलेलं मराठी अजून अडखळत का होईना वाचता येतं. तबीला तो वाचून दाखवील. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मी इथं सांगणार आहे. कंटाळू नका. जिवंतपणी कंटाळलात की तुम्ही चष्मा पुसत बसायचात, आता तीही सोय नाही.

तुमचा जन्म कुठला, शिकलात कुठं, नोकरी किती वर्षं केलीत, हे सगळं पाळकसाहेबांनी चर्चमध्ये वाचून दाखवलं. त्यात दोन चुका होत्या. मी शिक्षिका असूनही त्या दुरुस्त केल्या नाहीत. तुम्ही काही त्या माहितीत नव्हतात.

आपल्या घरातली एक रीत मुलांना माहीत आहे, पण ती कुठून आली ते माहीत नसेल. जेवणाआधीची प्रार्थना घरातल्या सर्वांत लहान माणसानं करायची, आणि सर्वांत मोठ्याचं आमेन आल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. ही रीत तुमच्या आईची, नगरकडची. मी लग्न करून आले तेव्हा मला ती मजेशीर वाटली होती. आमच्याकडे पुण्याला वडील इंग्रजीत भरभर दोन ओळी म्हणायचे आणि सगळे एकदम आमेन म्हणून पोळीला हात घालायचे. तुमच्याकडे मात्र एक पोर काहीबाही मागायचं आणि मोठी माणसं मान खाली घालून ते लक्ष देऊन ऐकायची. सुहास तीन वर्षांचा असताना त्यानं भेंडीची भाजी कायमची बंद व्हावी अशी प्रार्थना केली होती. मी गालातल्या गालात हसत होते. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "याला आमेन म्हणता येणार नाही. मला भेंडी आवडते." सुहासला पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना करावी लागली.

आमेन म्हणजे तसंच होवो. हिब्रू शब्द, पण मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, कुठंही म्हटला तरी तोच. लोक तो श्वास सोडल्यासारखा सोडतात. तुम्ही तो सही केल्यासारखा म्हणायचात. तुमचं कामच तसलं होतं. इथं बंगळूरच्या सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासून तुम्ही पुढं पाठवायचात, आणि स्वतः हाताळून न पाहिलेल्या भागावर कधी सही केली नाहीत. तुमचे साहेब चिडायचे, बढती एकदा त्यापायीच हुकली. उलट कन्नडमधला 'सरी', म्हणजे आपलं 'बरं', हा शब्द मात्र तुम्ही फुकट वाटायचात. रिक्षावाल्याला सरी, भाजीवालीला सरी, खाली राहणाऱ्या नागरत्नाअक्कांना सरी. "सरी म्हणजे फक्त ऐकलं," तुम्ही मला सांगायचात. "सरी म्हटल्यानं माणूस कशाला बांधला जात नाही."

म्हणून सुहासनं बातमी सांगितली त्या रविवारी तुम्ही काय म्हणता याकडे मी कान लावून होते. जेवणं झाली होती. नीता ताटं उचलत होती. सुहास म्हणाला, "पपा, मलावीतल्या त्या मिशन हॉस्पिटलमधून पत्र आलं. मुलांचा डॉक्टर नाहीय त्यांच्याकडे, कधीपासून. आम्ही प्रार्थना करत होतो. आम्हाला वाटतं, हे बोलावणं आहे."

"तुला बोलावणं आहे," तुम्ही म्हणालात.

"आम्हा दोघांना. नीता नर्स आहे, तिलाही काम आहे तिथं."

"बरं. तुम्हा दोघांना. या दोघांना कुणी बोलावलंय?" टेबलाखाली तबी तिच्या कापडी हत्तीला बूट घालत होती. योएल ऐकत नसल्याचं दाखवत ऐकत होता.

"पपा, मुलं आमच्याबरोबरच असतील. कुठं बोर्डिंगात नाही ठेवणार."

"तिथली शाळा कितवीपर्यंत?"

नीतानं स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "पाचवीपर्यंत आहे, पपा. पुढचं पुढं बघू."

"पुढचं म्हणजे राजधानीतलं वसतिगृह," तुम्ही म्हणालात. "नकाशा मलाही वाचता येतो."

त्यानंतरचे कित्येक आठवडे घरात एकच विषय होता. मी सुहासच्या बाजूनं होते, हे मुलांना कळायला हवं. मला वाटायचं, आपल्या लोकांसाठी कधीकाळी परदेशातून माणसं आली, दवाखाने आणि शाळा काढून गेली. त्यातल्याच एका शाळेत मी इंग्रजी शिकले. आता आपल्या घरातून कुणी दुसऱ्यांसाठी जात असेल तर आपण पाय ओढायचे का? तुम्ही म्हणायचात, "मी कुठं पाय ओढतोय? मी फक्त किंमत विचारतोय, आणि ती कोण भरणार ते." मी म्हणायची, "तुम्हाला सगळ्यातच दोष दिसतात." तुम्ही म्हणायचात, "त्याचाच मला पगार मिळायचा."

शेवटी एके दिवशी सुहासनं सरळ विचारलं, "पपा, जाऊ ना?" तुम्ही वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणालात, "सरी. जा."

सरी. मी स्वयंपाकघरात ते ऐकलं, आणि मला ते पुरलं नाही. सुहासला मात्र तेवढ्यानं बरं वाटलं. तो इथंच वाढला, त्याच्या कानाला सरी म्हणजे होकार.

मग तुम्ही कामाला लागलात. प्रत्येक बॅगेची चाकं फिरवून पाहिलीत. एकीची चेन अडकत होती, ती आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या माणसाकडून दोनदा दुरुस्त करून आणलीत, कारण पहिल्यांदा त्यानं नीट केली नाही. तबीच्या हत्तीची शिवण उसवली होती, ती तुम्ही स्वतः दाभणानं घातलीत. नाचणीचं पीठ जाड पिशवीत, पिशवी डब्यात, डबा चिकटपट्टीनं बंद. नीता हसून म्हणाली, "पपा, हे विमानाच्या आत ठेवायचंय, विमानाला बसवायचं नाहीय." तुम्हीही हसलात. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा किती आनंदानं मुलाला पाठवतोय.

आनंदानं. तिथंच सगळं अडलं.

निरोपाच्या उपासनेला चर्च भरलं होतं. सुहास, नीता आणि मुलं पुढं उभी होती. आपण दोघं आणि मंडळीतले वडीलधारे त्यांच्याभोवती उभे राहिलो आणि त्यांच्या डोक्यांवर हात ठेवले. तुमचा हात तबीच्या डोक्यावर होता. पाळकसाहेबांनी इंग्रजीत लांब प्रार्थना केली. प्रवासासाठी, आजाऱ्यांसाठी, तिथल्या लोकांसाठी. शेवटी ते म्हणाले, "आणि प्रभू, या कुटुंबाला आम्ही आनंदाने तुझ्या हाती देतो." सगळं चर्च एका आवाजात आमेन म्हणालं. माझ्या शेजारून आवाज आला नाही. मी डोळे उघडले. तुमचा हात तबीच्या डोक्यावर तसाच होता, बोटं जरा जास्तच घट्ट. ओठ मिटलेले.

घरी येताना तुम्ही रिक्षा मध्येच थांबवलीत. कॉफी हवी म्हणालात. उभ्यानं खायच्या त्या नेहमीच्या दर्शिनीत, गोल उंच टेबलाशी, आजूबाजूला डोसे आणि गलका, तिथं मी तुम्हाला बोलले. आवाज दाबून, पण चांगलंच बोलले.

"एवढ्या लोकांसमोर, स्वतःच्या मुलाला? एक शब्द जड झाला?"

"आमेन जड नाही झालं. आनंदानं जड झालं."

"म्हणजे?"

"मी त्यांना देतोय. आनंदानं देत नाहीय. तेवढा एक शब्द नसता तर म्हटलं असतं."

"एका क्रियाविशेषणासाठी?" मी जवळजवळ ओरडलेच. जन्मभर मी वर्गात शिकवत आले की क्रियाविशेषण काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं. "प्रार्थनेतले शब्द असे कुणी तपासतं का?"

"मी तपासतो," तुम्ही म्हणालात. मग वाटीत कॉफी ओतून ती निववलीत. आणि इतक्या वर्षांच्या संसारात कधी न सांगितलेली गोष्ट तुम्ही त्या गलक्यात सांगितलीत. ती मुलांसाठी मी नीट लिहिते.

तुमचे वडील मिशनचे प्रचारक होते. खेडोपाडी सायकलीवरून हिंडायचे, आई बरोबर असायची. तुम्ही सहा-सात वर्षांचे झालात तेव्हा तुम्हाला बोर्डिंगात ठेवलं. बोर्डिंग वाईट नव्हतं. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण दिवस मावळायला लागला की तुम्ही पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडायचात, कारण तिथं कुणी यायचं नाही. पहिल्या सुट्टीच्या आधी एकदा वडील भेटायला आले. दमलेले, धुळीनं भरलेले. चिंचेखाली बसवून त्यांनी विचारलं, "कसा आहेस रे?" तुम्ही म्हणालात, "बरा आहे." दुसरं काय म्हणणार? इतक्या लांबून आलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथंच तुमचा हात धरून डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले, की माझं लेकरू इथं आनंदात आहे. आणि तुम्ही म्हणालात, आमेन.

"त्या आमेनवर ते निर्धास्त होऊन सायकलीवर बसले," तुम्ही म्हणालात. "त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. का विचारतील? मी सही दिली होती."

टेबल पुसायला आलेला माणूस "स्वल्प सरका अज्जी" म्हणाला, तशी मी सरकले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे सुहासला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं तर तो जाणार नाही."

"मग? तुम्हाला तेच तर हवंय."

"नाही," तुम्ही म्हणालात. "तिथल्या पोरांना डॉक्टर हवा, हेही खरंच आहे ना?"

आपलं भांडण तिथंच राहिलं. सुटलं नाही. मी तुम्हाला म्हणणार होते की सुहास म्हणजे तुमचे वडील नव्हेत. तुम्ही मला म्हणणार होतात की सगळेच बाप दमून आलेले असतात. दोघांनी एकमेकांची वाक्यं ऐकल्यासारखी केली आणि घरी आलो.

चौघं निघाली त्या दिवशी विमानतळावर काचेच्या दारापाशी तुम्ही तबीला उचलून घेतलंत आणि कानात काहीतरी सांगितलंत. ते काय होतं, ते पुढच्याच आठवड्यात कळलं. आपली चहाची वेळ म्हणजे त्यांची दुपारच्या जेवणाची. शाळा हॉस्पिटलच्या आवारातच, मुलं जेवायला घरी यायची. फोन वाजला. पडद्यावर तबीचं कपाळ आणि हत्तीचा कान.

"आजोबा, तुम्ही म्हणाला होता ना, जेवायच्या आधी फोन कर. मी प्रेयर करते, तुम्ही आमेन पाठवा."

अशी ती सवय लागली. तिची प्रार्थना सुरू व्हायची, "देवबाप्पा, थँक्यू फॉर पांढरा मुद्दे." तिथं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात, तो तिनं आपल्या नाचणीच्या मुद्देचा भाऊ ठरवला होता. तुम्ही चहाच्या कपासमोर मान खाली घालून ऐकायचात आणि आमेन म्हणायचात. आवाज पोचायला वेळ लागायचा. तिकडून योएल ओरडायचा, "आलं, आलं, आमेन आलं!" आणि चमचे वाजायला लागायचे.

नेटवर्क रोज साथ द्यायचं नाही. नीता वैतागली. "पपा, ही पोरगी तासतासभर उपाशी बसते हो. तुम्ही एकदा रेकॉर्ड करून पाठवा, मी रोज लावीन." तुम्ही घसा साफ करून, उभं राहून आमेन रेकॉर्ड केलंत. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तबीनं ताट सरकवलं. "हे शिळं आमेन आहे. यात आज मी काय म्हटलं ते आजोबांनी ऐकलेलंच नाही."

मी पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तिचं. न बघता सही कशी करायची?" त्या दिवसापासून चहाच्या वेळी कुणीही आलं तरी तुम्ही उठून फोनपाशी बसायचात. नागरत्नाअक्का एकदा म्हणाल्या, "सर ड्यूटीवर आहेत वाटतं?" तुम्ही म्हणालात, "सरी."

दीड वर्ष हे असंच चाललं. मधून तुमची तब्येत उतरत गेली, श्वास लागायला लागला. सुहास फोनवर औषधं बदलायचा. तुम्ही दोघं बोलायचात ते औषधांबद्दल, पावसाबद्दल, हॉस्पिटलच्या जनरेटरबद्दल. त्या आमेनबद्दल त्यानं कधी विचारलं नाही, तुम्ही कधी काढलं नाहीत.

आता त्या शुक्रवारचं लिहिते. मी आत दुधाशी उभी होते. तबीचा आवाज नेहमीसारखा घरभर ऐकू येत होता. "देवबाप्पा, थँक्यू फॉर मुद्दे. थँक्यू फॉर कोंबडीची पिल्लं. आणि आम्हाला इथं आणलंस, त्याच्यासाठी थँक्यू."

मी गॅस बारीक केला. तुमचं आमेन आलं नाही.

मी थांबले. तेवढ्यात खालच्यांनी पाण्याची मोटर सुरू केली, आणि त्या घरघरीत पुढचं काहीही ऐकू आलं नाही. दूध उतू जाण्याच्या बेतात होतं म्हणून मला हलताही येईना. मी बाहेर आले तेव्हा फोन टेबलावर उपडा होता आणि तुम्ही बशीत चहा ओतत होतात.

"काय हो, आमेन म्हणालात का?"

"साखर विसरलीस," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना तुम्ही बूट घालायला स्टुलावर बसलात. एक बूट घातलात. मी किल्ली शोधत होते. मागे वळले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकला होतात, दुसऱ्या बुटाची नाडी हातात.

बाकीचं मुलांना कळवलेलंच आहे.

सुहास एकटाच आला. चौघांनी येणं जमण्यासारखं नव्हतं. दफनभूमीत ऊन होतं, शेजारच्या रस्त्यावरून बसेस जात होत्या. पाळकसाहेब तेच. माणूस भला आहे, पण त्यांची वाक्यंही तीच असतात. ते म्हणाले, "प्रभू, या आमच्या भावाला आम्ही आनंदाने तुझ्या हाती परत देतो." सगळे आमेन म्हणाले. माझे ओठ उघडलेच नाहीत. मी ठरवलं नव्हतं. शब्द घशाशी आला आणि तिथं कुणीतरी दार लावून घेतलं. एका क्रियाविशेषणासाठी. अहो, तेव्हा मला समजलं की ते तुमचं हट्टीपण नव्हतं. खोटं बोलायला तोंड उघडत नाही, एवढंच ते होतं.

घरी आल्यावर नागरत्नाअक्कांनी पाठवलेला बिसिबेळे भात मधे ठेवून आम्ही दोघं बसलो. सुहास म्हणाला, "आई, तू आमेन म्हणाली नाहीस."

"तू प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतोस?"

"लहानपणापासून. तुला कधी कळलं नाही." मग चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "त्या दिवशी पपाही म्हणाले नव्हते. मी समोरच होतो. पाहिलं मी."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"तिथं काही बिघडलं ना आई, एखादं मूल हातातून गेलं, नीता आजारी पडली, की मला पहिल्यांदा तेच आठवतं. वाटतं, याच्यावर पपांची सही नव्हती. मी त्यांना विचारायला हवं होतं. प्रत्येक फोनला वाटायचं, आज विचारू. आणि मी जनरेटरचं बोलायचो." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "रागावूनच गेले का गं ते माझ्यावर?"

मी त्याला सगळं सांगितलं. दर्शिनीतली कॉफी, चिंचेचं झाड, पाण्याची टाकी. "आनंदानं हा एक शब्द नसता तर म्हटलं असतं" हेही सांगितलं. तो दोन्ही हातांत डोकं धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू थांबला असतास म्हणून."

त्यानं चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "योएलची पाचवी संपत आली. वसतिगृहाचं त्याला विचारलं मी. तो म्हणतो, चालेल, मला काही वाटत नाही."

"पुन्हा विचार," मी म्हटलं. "घाईत नको. आणि तू दमलेला दिसशील तेव्हा तर मुळीच नको."

तरी सुहास मोकळा झाला नाही. शुक्रवारचं मला सांगता येत होतं तेवढं मी सांगितलं, पण मला तरी कुठं सगळं ठाऊक होतं? नातीनं तिथं आणल्याबद्दल देवाचे आभार मानले आणि आजोबा गप्प झाले. मग मोटर सुरू झाली. ते गप्पच राहिले असतील तर? मुलाच्या वेळी नाही, नातीच्या वेळीही नाही? तेवढाच प्रश्न घेऊन सुहास परत गेला आणि तोच प्रश्न समोर ठेवून मी त्या दुपारी निवलेल्या भातापुढं बसले होते.

काल चहाच्या वेळी फोन वाजला. पडद्यावर चौघंही होती, ताटं वाढलेली. सुहासनं मुद्दाम सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. सगळे माझ्याकडे असे पाहत होते की पुढं काय करायचं ते मी सांगावं.

मी म्हटलं, "तबी, शेवटच्या शुक्रवारी आजोबांशी बोललीस ना, त्या दिवशी तू जेवलीस का गं?"

"हो. जेवले की."

आमेन आल्याशिवाय ही पोरगी जेवत नाही. "म्हणजे आमेन आलं होतं?"

"आलं. पण लेट आलं. आधी त्यांनी क्वेश्चन्स विचारले."

"कसले क्वेश्चन्स?" हे सुहासनं विचारलं.

"त्यांनी विचारलं, हे थँक्यू तुझं तू म्हणालीस की पपानं सांगितलं? मी म्हटलं, मीच. मग म्हणाले, तबी, तू तिथं कधी रडतेस का? मी म्हटलं, हो."

पडद्यावर नीताचा हात तोंडाशी गेला.

"मग ते म्हणाले, रडतेस तर थँक्यू कशाला? मी म्हटलं, रोज नाही रडत आजोबा, बंगळूरची आठवण आली की रडते. मग पिल्लं बघायला जाते, मग मजा येते. मग ते म्हणाले, हे पपाला सांगितलंस का? मी म्हटलं, पपानं विचारलंच नाही."

"आणि मग?" सुहास म्हणाला.

"मग म्हणाले, पपाला सांग हं. आणि मग आमेन म्हणाले. मोठ्यानं. मी सांगणार होते, पण नंतर आजोबाच गेले."

"मीपण ऐकलं," योएल म्हणाला. त्यानं ताटाकडे पाहत पुढं जोडलं, "मला पण विचारणार होते ते. म्हणाले, तुझा नंबर उद्या."

सुहास उठला आणि पडद्याबाहेर गेला. थोड्या वेळानं परत आला, पण आपल्या खुर्चीत बसला नाही. योएलच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

अहो, म्हणजे तुम्ही तपासलंत. चिंचेखाली तुम्हाला कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही, तो तुम्ही तिला विचारलात. तिनं दोष लपवला नाही, रडते म्हणाली, म्हणून तुम्ही सही दिलीत. आणि मला काय सांगितलंत? साखर विसरलीस. एवढं आयुष्य बरोबर काढून शेवटचं वाक्य साखरेचं. यावर मी अजून रागावलेली आहे आणि भांडायला तुम्ही नाही आहात. योएलचा तो 'उद्या'ही तुम्ही अर्धाच टाकून गेलात. तो आता त्याच्या बापाला पुरा करावा लागेल.

"भात निवतोय," नीता म्हणाली.

तबीनं हात जोडले. मग एक डोळा उघडून तिनं मला विचारलं, "आजी, आता सगळ्यात मोठी तू ना?"

"हो गं. आता मीच."

"मग नीट ऐक. उद्या शिळं चालणार नाही." तिनं डोळे मिटले. "देवबाप्पा, भातासाठी थँक्यू. पिल्लांसाठी थँक्यू. आजोबांना नेलंस, त्याच्यासाठी थँक्यू नाही."

एवढंच. ती थांबली. पलीकडे चार माणसं मान खाली घालून थांबली. खाली रस्त्यावर फुलवाली ओरडत होती. तिच्या प्रार्थनेत मला एकही शब्द जास्तीचा सापडला नाही.

मी आमेन म्हटलं. पोचायला जरा वेळ लागला. मग तिकडे चमचे वाजले.